वैद्यकीय शिक्षकांना टीबीएलचे प्रशिक्षण : कार्यशाळेची आखणी, पायरीपायरीने

वर्गात सहा-सहा विद्यार्थ्यांना एकत्र बसवून 'चर्चा करा' असे सांगितले की टीबीएल, म्हणजे वाचून येऊन, चाचणी देऊन आणि ठरलेल्या टीममध्ये चर्चा करून शिकण्याची 'टीम-बेस्ड लर्निंग' पद्धत, झाले, असा समज आपल्या महाविद्यालयांत बराच रुजलेला आहे. तो समज व्याख्यान देऊन जात नाही. टीबीएलविषयी शिक्षकांना तासभर व्याख्यान देणे हा त्या पद्धतीचा सर्वांत हमखास पराभव आहे, हे मी स्वतः चूक करून शिकलो. गोव्याबाहेरच्या एका महाविद्यालयात पाहुणा प्रशिक्षक म्हणून गेलो असताना मी साठ स्लाइड दाखवल्या. टाळ्या झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली आणि सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा एकाही विभागात एकही सत्र झालेले नव्हते. त्यानंतर आखणी बदलली. शिक्षकाला आधी विद्यार्थ्याच्या बाकावर बसवायचे, त्याची परीक्षा घ्यायची, त्याला सहकाऱ्यांशी वाद घालायला लावायचे आणि मगच 'हे तुम्ही कसे घ्याल?' असे विचारायचे. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने जाते.

पद्धत कोठून आली आणि आपल्याला का हवी

टीम-बेस्ड लर्निंग ही पद्धत लॅरी मायकेलसेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात घडवली. ते व्यवस्थापनशास्त्र शिकवत. वर्ग चाळीसवरून एकशेवीसवर गेला, तेव्हा चर्चेची पद्धत सोडून व्याख्यानाकडे वळण्याऐवजी त्यांनी मोठ्या वर्गात चर्चा टिकवण्याची रचना शोधली. वैद्यकीय शिक्षणात ती २००१ च्या सुमारास ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या पुढाकाराने पसरू लागली. त्याआधी १९६९ पासून मॅकमास्टर विद्यापीठाने रुजवलेली समस्याधारित पद्धत, म्हणजे पीबीएल, होतीच. परंतु तिला दर आठ-दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. दीडशेच्या वर्गासाठी पंधरा-वीस शिक्षक एकाच वेळी मोकळे मिळणे कोणत्या विभागाला परवडेल? टीबीएलमध्ये एक शिक्षक आणि एक सहायक यांना पंचवीस टीम सांभाळता येतात. एका महाविद्यालयात दीडशे-दोनशे विद्यार्थी घेणाऱ्या राज्यात हा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

दुसरे कारण नियमांतले आहे. पदवी वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार व्याख्यानांचा वाटा एकूण वेळेच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त असू नये, असे पूर्वीपासून सांगितले जाते आणि २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आल्यावर उरलेल्या दोन-तृतीयांशाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक विभागापुढे उभा राहिला. वेळापत्रकात 'लघुगट चर्चा' असे लिहून प्रत्यक्षात व्याख्यानच देण्याची सोय आपण सर्वांनी कधी ना कधी केलेली आहे. टीबीएलमध्ये ती पळवाट राहत नाही, कारण चाचणी, उत्तरपत्रिका आणि गुण यांचा कागद मागे राहतो.

पहिली पायरी : कोणाला, केव्हा, कोठे

चोवीस ते तीस शिक्षक घ्यावेत, म्हणजे सहा-सहाच्या चार-पाच टीम होतात. एका विभागातून एकटा शिक्षक बोलावू नये; तो परत जाऊन एकाकी पडतो आणि वरिष्ठांनी 'हे नवीन काय?' असे विचारल्यावर गप्प बसतो. प्रत्येक विभागातून दोघे आले, त्यांतला एक सहायक प्राध्यापक आणि एक सहयोगी प्राध्यापक असला, की काम पुढे सरकते. ट्यूटर आणि सीनियर रेसिडेंट यांना वगळू नये, कारण टीमच्या टेबलांमध्ये फिरणारे सहायक तेच असणार आहेत.

एक पूर्ण दिवस घेण्यापेक्षा तीन आठवड्यांच्या अंतराने दोन अर्धे दिवस घ्यावेत. पहिल्या दिवशी शिक्षक विद्यार्थी असतात, मधल्या तीन आठवड्यांत ते स्वतःचे एक सत्र लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन दाखवतात. हे अंतर ठरवताना चतुर्थीचे दिवस आणि विद्यापीठाच्या परीक्षांचा काळ टाळावा. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात कोणाचेही मन कार्यशाळेत नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये.

खोली सपाट असली तर उत्तम. परंतु सपाट खोलीची वाट पाहत बसू नये, कारण शिक्षकांना पुढे उतरत्या बाकांच्या व्याख्यानगृहातच शिकवायचे आहे. तेथे तिघे पुढच्या बाकावर आणि तिघे लगेच मागच्या बाकावर बसवून पुढच्यांना मागे वळायला सांगितले, की टीम तयार होते. किमान अर्धा तास तरी प्रशिक्षण अशाच व्याख्यानगृहात घ्यावे, म्हणजे 'आमच्याकडे जागा नाही' हे उत्तर आपोआप बाद होते.

दुसरी पायरी : पूर्ववाचन

आठ दिवस आधी दहा-बारा पानांचे वाचन पाठवावे. ते पाऊण तासात होईल इतकेच असावे आणि त्यावर चाचणी होणार आहे, हे स्पष्ट कळवावे. वाचनात टीबीएलची रचना, टीमची बांधणी आणि चांगल्या उपयोजन-प्रश्नाच्या, म्हणजे वाचलेले खऱ्या कामात वापरायला लावणाऱ्या प्रश्नाच्या, कसोट्या एवढ्याच गोष्टी याव्यात.

निम्मे शिक्षक वाचून येणार नाहीत. 'कालची ओपीडी रात्रीपर्यंत चालली' हे कारण खरेही असते. त्याबद्दल चेष्टा करू नये, पण त्यांच्यासाठी वाचनाचा सारांशही सांगू नये. न वाचता चाचणीला बसल्यावर पोटात जो गोळा येतो, तो अनुभव या प्रशिक्षणातला एक आवश्यक पाठ आहे, कारण आपण वाचनाचा सारांश दिला तर आपले विद्यार्थीही पुढच्या वेळी वाचणार नाहीत, हे त्यांना त्या क्षणी स्वतःहून उमगते.

तिसरी पायरी : टीम सर्वांसमोर पाडणे

गट आणि टीम यांत फरक आहे. गट तासापुरता पडतो. टीम वर्षभर, किमान एका विषयाच्या सत्रापुरती तरी, तीच राहते. टीम पाच ते सात जणांची असावी, शिक्षकाने पाडावी आणि ती कशी पाडली हे सर्वांना दिसावे. हजेरीच्या क्रमाने पाडल्यास एकाच आडनावाचे, पुष्कळदा एकाच तालुक्याचे विद्यार्थी एकत्र येतात. मैत्रीप्रमाणे पाडू दिल्यास दोन-तीन टीम उत्तम होतात आणि शेवटी उरलेल्यांची एक दुर्दैवी टीम तयार होते.

प्रशिक्षणात हे करून दाखवावे. सर्वांना उठवून व्हरांड्यात एका रांगेत उभे करावे : ज्यांना शिकवण्याचा अनुभव सर्वांत कमी ते एका टोकाला, सर्वांत जास्त ते दुसऱ्या टोकाला. मग एक ते पाच मोजत जावे आणि प्रत्येकाने आपल्या आकड्याच्या टेबलावर बसावे. अनुभव आपोआप सर्व टीममध्ये वाटला जातो. त्यानंतर एकच तपासणी करावी : विभागप्रमुख आणि त्यांच्याच विभागातील कनिष्ठ एका टेबलावर आलेले नाहीत ना? आले असल्यास अदलाबदल करावी. विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच रांग आधीच्या परीक्षेच्या गुणांवर लावू नये, त्यात अपमान होतो. वसतिगृहात राहणारे आणि घरून येणारे, कोणाला संगणकाची सवय आहे, कोणाच्या घरी डॉक्टर आहे, अशा निकषांवर ती लावता येते.

चौथी पायरी : दोन चाचण्या आणि एक खरवडपत्रिका

प्रथम प्रत्येकाने एकट्याने सोडवायची दहा बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी, जिला आपण आय-रॅट, म्हणजे वैयक्तिक तयारी-चाचणी, म्हणतो. वेळ बारा मिनिटे. उत्तरपत्रिका गोळा केल्यावर तेच दहा प्रश्न टीमने एकत्र सोडवायचे, ती टी-रॅट, म्हणजे टीमची तयारी-चाचणी. वेळ वीस मिनिटे. टी-रॅटमध्ये उत्तर लगेच कळणे हा या पद्धतीचा प्राण आहे. त्यासाठी खरवडपत्रिका वापरतात : योग्य पर्यायाखाली तारा लपलेला असतो, पहिल्याच खरवडीत सापडला तर चार गुण, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, चौथ्यात शून्य.

तयार पत्रिका मागवण्याच्या नादी लागू नये. जाड कागदावर अ, ब, क, ड चे चौकोन छापावेत, योग्य चौकोनात छोटा तारा काढावा आणि प्रत्येक चौकोनावर अपारदर्शक गोल स्टिकर लावावा. स्टिकर सोलायचा, झाले. पाच टीमच्या पत्रिका दोन ट्यूटर तासाभरात तयार करतात. कागद उजेडात धरल्यावर तारा दिसत नाही ना, हे मात्र आधी पाहावे. आमच्या पहिल्या खेपेस तो दिसत होता आणि एका टीमने खिडकीजवळची जागा फार आग्रहाने मागितली होती.

ही पायरी घाईने उरकू नये, कारण येथेच शिक्षकांना पद्धतीचे मर्म दिसते. एका कार्यशाळेतले दृश्य सांगतो. प्रश्न साधा होता. टेबलावरच्या सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांनी 'क' म्हटले आणि हात पुढे केला. कोपऱ्यातली ट्यूटर हळू आवाजात म्हणाली, "सर, मला ब वाटतं, वाचनात तिसऱ्या पानावर तसं आहे." कोणी ऐकले नाही. स्टिकर निघाला, खाली कोरा कागद. टेबलावर दोन-तीन सेकंद शांतता पसरली. मग प्राध्यापकांनीच पत्रिका तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आता तुम्हीच काढा." तारा निघाला. पुढच्या सातही प्रश्नांत त्या टेबलावर कोणीही तिला आधी विचारल्याशिवाय स्टिकर सोलला नाही. पत्रिकेने जे दोन सेकंदांत केले, ते 'सर्वांचे ऐकून घ्या' असे दहा वेळा सांगून झाले नसते.

टी-रॅट संपल्यावर हरकतीसाठी पाच मिनिटे द्यावीत. हरकत टीमनेच, लेखी, कारण आणि वाचनातील आधार देऊन करायची. मान्य झाल्यास गुण केवळ त्याच टीमला मिळतात. तोंडी हुज्जत ऐकून घेऊ नये. त्यानंतर बहुतेक टीमना जेथे अडचण आली, त्याच मुद्द्यावर दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ खुलासा करावा. शिक्षकांचा खरा मोह येथे असतो, कारण हातात माइक येतो आणि खुलाशाचे पाहता पाहता व्याख्यान होते. घड्याळ सहायकाच्या हाती द्यावे आणि नऊ मिनिटे झाली की त्याने उभे राहावे.

पाचवी पायरी : उपयोजन-प्रश्न

सत्राचा मोठा वेळ येथे जावा, निदान तासभर. उपयोजन-प्रश्नाच्या चार अटी आहेत : प्रश्न खऱ्या कामाशी जोडलेला असावा, सर्व टीमना तोच प्रश्न असावा, उत्तर एक निश्चित निवड असावी आणि सर्व टीमनी ती एकाच क्षणी जाहीर करावी. जाहीर करण्यासाठी अ, ब, क, ड लिहिलेली चार रंगांची पुठ्ठ्याची कार्डे पुरतात. 'तीन म्हटल्यावर वर' असे सांगितले की कोणत्याही टीमला दुसरीचे पाहून बदलता येत नाही.

कार्यशाळेत मी जो प्रश्न देतो, तो असा :

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. गोव्यातील सत्तरी तालुक्यातील काजूबागायतीत काम करणारा ३८ वर्षांचा पुरुष चार दिवसांचा ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी घेऊन वाळपईच्या आरोग्य केंद्रात आला आहे. ताप ३९.४ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला ६८, डोळे लाल, कावीळ नाही. पांढऱ्या पेशी २,६००, प्लेटलेट ८४,०००. मलेरियाची जलद चाचणी नकारात्मक. सर्वप्रथम काय कराल? अ) डेंग्यूची एनएस-१ चाचणी करून निकाल येईपर्यंत थांबणे. ब) दाखल करून माकडतापाच्या आरटी-पीसीआरसाठी रक्तनमुना पाठवणे. क) लेप्टोस्पायरोसिस गृहीत धरून प्रतिजैविक सुरू करणे. ड) लक्षणांवर औषधे देऊन दुसऱ्या दिवशी बोलावणे.

माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला आणि २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण आढळू लागले. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या या आजाराचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकमेकांवर येतात. त्यामुळे बहुतेक टीम 'ब' चे कार्ड वर करतात. नाडी तापाच्या मानाने संथ आहे आणि आजाराच्या पहिल्या काही दिवसांत पीसीआर उपयोगी पडते, हे कारणही त्या नीट देतात. एक-दोन टीम 'क' दाखवतात. मग कोणीतरी हमखास म्हणतो, "प्रत्यक्षात आम्ही ब आणि क दोन्ही करतो." हे अगदी खरे आहे आणि येथेच प्रशिक्षकाने प्रश्न बदलावा, पर्याय तेच ठेवावेत : "रात्रपाळीला तुम्ही एकटे आहात. यांपैकी कोणती गोष्ट सकाळपर्यंत राहून गेली, तर रुग्णाचे सर्वांत जास्त नुकसान होईल?" आता कार्डे हलतात. माकडतापावर विशिष्ट औषध नाही, आधार-उपचारच करावे लागतात. लेप्टोस्पायरोसिसवर मात्र प्रतिजैविक आहे आणि त्याला उशीर महाग पडतो. एका वाक्याने बरोबर उत्तर बदलले, हे पाहिलेला शिक्षक 'तापाची कारणे लिहा' असा प्रश्न टीमला पुन्हा सहसा देत नाही.

कार्डे वर आल्यावर प्रशिक्षकाने काय बोलावे, याचा सराव वेगळा घ्यावा लागतो. बरोबर उत्तर कोणाचे, हे चेहऱ्यावरही दिसू देऊ नये. अल्पमतातल्या टीमला प्रथम बोलवावे, नाहीतर ती बहुमत पाहून माघार घेते. 'का?' यापेक्षा 'ब सोडून क कडे तुम्हाला कोणत्या एका माहितीने नेले?' असा प्रश्न विचारावा. उत्तर आल्यावर स्वतः शेरा न देता ते दुसऱ्या टीमकडे वळवावे : "पाच नंबरच्या टीमला हे पटते का?" आणि टीमच्या आतली चर्चा कोंकणीत, मराठीत, हिंदीत ज्या भाषेत चालेल त्या भाषेत चालू द्यावी, इंग्रजीचा आग्रह केवळ वर्गासमोर मांडताना धरावा. टेबलावर इंग्रजी सक्तीची केली, तर प्रत्येक टीममधले दोघेच बोलत राहतात.

सहावी पायरी : मधले तीन आठवडे

प्रत्येक विभागाच्या जोडीने एका विषयावर पाच रॅट-प्रश्न आणि एक उपयोजन-प्रश्न लिहून आणावा. क्रम उलटा ठेवायला सांगावे : आधी उपयोजन-प्रश्न, मग तो सोडवायला काय माहीत असावे लागते त्यावर रॅट आणि शेवटी तेवढेच वाचन. बहुतेक जण वाचनापासून सुरुवात करतात आणि चाळीस पानांचे प्रकरण उचलून देतात. आठवड्यातून एकदा फोन करून विचारपूस करावी. ईमेलवर हे काम होत नाही.

सातवी पायरी : करून दाखवणे

दुसऱ्या अर्ध्या दिवशी प्रत्येक जोडीला वीस मिनिटे मिळतात. उरलेले सर्व विद्यार्थी होतात. एक निरीक्षक फोनवरील घड्याळ घेऊन दोनच गोष्टी नोंदवतो : प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद गप्प राहिला आणि एकूण वेळात तो किती बोलला. हे दोन आकडे नंतर केवळ वाचून दाखवावेत, त्यावर भाष्य करू नये. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला आपण तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देतो हे कळते, तेव्हा भाष्याची गरज राहत नाही. लगेच तीच पाच मिनिटे पुन्हा घ्यायला लावावीत. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातला फरक ज्याला स्वतःला जाणवला, तो शिक्षक वर्गात जाऊन सत्र घेतो, असा माझा अनुभव आहे.

सहकाऱ्यांनी परस्परांना द्यायच्या गुणांविषयी येथे थोडक्यात बोलावे. प्रत्येकाने आपल्या टीममधील सर्वांची तयारी आणि सहभाग यांविषयी एक उपयुक्त बाब आणि एक सुधारण्याजोगी बाब लिहायची. पहिल्या खेपेस त्यावर गुण ठेवू नयेत. अंतर्गत मूल्यमापनात टीबीएलचा किती वाटा धरायचा, हे महाविद्यालयाच्या अभ्यासक्रम समितीकडून आधी लेखी घ्यावे. वर्षाच्या मध्यावर विद्यार्थी विचारतात तेव्हा 'बघू' हे उत्तर चालत नाही.

आठवी पायरी : वर्गातले पहिले सत्र

पहिले सत्र शिक्षकाने एकट्याने घेऊ नये. वैद्यकीय शिक्षण विभागातील एकाने बरोबर उभे राहावे, पण मागच्या दाराशी, मंचावर नव्हे. सत्र संपल्यावर आकडे एकत्र पाहावेत. टीमचे गुण वैयक्तिक सरासरीपेक्षा जास्त आले म्हणून हरखून जाऊ नये. ते जवळजवळ नेहमीच जास्त येतात. पाहायचे ते हे की, टीमने आपल्यातील सर्वांत हुशार विद्यार्थ्यापेक्षा जास्त गुण मिळवले का? नसतील, तर त्या टेबलावर एकच जण बोलत होता. आय-रॅटमध्ये जवळजवळ सर्वांचे बरोबर आलेला प्रश्न पुढच्या वर्षी काढून टाकावा. जवळजवळ सर्वांचा चुकलेला प्रश्न टाकण्याआधी मात्र वाचनाची ती ओळ पुन्हा वाचावी, कारण पुष्कळदा दोष ओळीतच असतो.

तीन महिन्यांनी सर्व शिक्षकांना पुन्हा तासभर एकत्र बोलवावे आणि प्रत्येकाला आपला फसलेला एक प्रश्न घेऊन यायला सांगावे. जमलेला प्रश्न आणू नये, असे निमंत्रणातच लिहावे. चहा आधी द्यावा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांसाठी थांबावे लागत नाही, आणि टीम मात्र पहिल्या दिवशीच्याच ठेवाव्यात.